फर्दापूरपर्यंतची जुळवणी

मिलिंदा,

तुझ्या जलदानविधीला मी शेवटच्या रांगेत, मंडपाच्या बल्लीला टेकून बसलो होतो. लोक एकेक उठून तुझ्याबद्दल बोलत होते. तुझ्या शाळेतले, तुझ्या गल्लीतले, ज्यांचे प्रिंटर तू चहावर दुरुस्त करून दिलेस ते. मग कुणीतरी माईक माझ्याकडे आणला. चिखलीचे रमेशसर मिलिंदचे सगळ्यात जुने दोस्त, त्यांनी दोन शब्द बोलावेत. मी गळ्याला हात लावून आवाज बसल्याची खूण केली. आवाज बसला नव्हता. तोंड उघडलं तर दोन शब्दांवर थांबता येणार नाही, याची भीती होती.

मग तुमच्या गावचे डॉक्टर उठले. दवाखान्यातून तसेच आले होते. म्हणाले, "मिलिंद आमच्याकडंच तपासून जायचा. किडनीचे रिपोर्ट बरे असायचे. आणि मग एकदमच सगळं हाताबाहेर गेलं." एवढं बोलून ते बसले. मंडपात सगळ्यांनी सुस्कारा टाकला. कुणी म्हणालं, वेळ आली की काय चालते माणसाचं. मी सुस्कारा टाकला नाही.

कारण ते रिपोर्ट ज्या कॉम्प्युटरमधून निघायचे, त्यातला प्रोग्राम मी टाकला होता. तुला वाटायचं, मी तो बांधला. मी तो बांधला नव्हता. आत काय आहे हे मला त्या दिवशीही माहीत नव्हतं आणि मंडपात बसलो होतो तेव्हाही माहीत नव्हतं.

जे मंडपात बोललो नाही ते इथं लिहितो आहे.

तुला आठवत असेल, चिखलीत बसस्टँडमागच्या क्लासमध्ये आपण शिकवायला लागलो तेव्हा लोक कॉम्प्युटर बघायला चपला बाहेर काढून यायचे. तू तिकडं संग्रामपुराकडून आलेला, मी इथला. आपलं पहिलं भांडण मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून झालं. तिच्यात एकच प्रोग्राम दोन रूपांत होता. एक तयार: कुठल्या तरी परदेशातल्या माणसानं त्याच्या मशीनवर बांधून, बंद करून पाठवलेला. टाकला की चालू. दुसरं रूप म्हणजे सोर्स, मूळ मजकूर, माणसानं लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा. तो आपण आपल्या मशीनवर बांधून घ्यायचा, तेव्हा कुठं चालायचा. आपण कंपाइल असं कधी म्हटलंच नाही. बांधणं म्हणायचो, घर बांधावं तसं.

मी तयारवाला. तू बांधणारा.

"पुडीतली हळद पिवळीच दिसते बे," तू म्हणायचास. "पिवळेपणावर माझं भांडण नाईच."

मी म्हणायचो, तुझ्या हळदीचं पीक निघेपर्यंत पाहुणे उपाशी उठून जातील. आणि तसंच व्हायचं. बांधणी अर्ध्यावर आली की लाइन जायची आणि पहिल्यापासून सुरू. एकदा तू मामाच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणलीस आणि तिच्यावर मशीन चालवलंस. मामा पेरणी टाकून गावाहून चिखलीत आला, दारात उभा राहिला, पडद्यावर सरसर वर जाणाऱ्या ओळींकडे बघत राहिला. म्हणाला, "भाचे, हे वावर नांगरून झालं की सांग. मंग माझं घेऊ." तू त्याला चहा पाजलास, पण बांधणी पूर्ण होईपर्यंत बॅटरी दिली नाहीस.

मला तो तुझा हट्ट वाटायचा. थोडा गर्वसुद्धा. एकदा टपरीवर मी विचारलंच की आतलं निम्मं तर तुला समजत नाही, मग वाचतोस कशाला. तू ग्लास खाली ठेवलास.

"नाई समजत निम्मं," म्हणालास. "पण मले भेव वाटते बे. आमच्या गावचं पाणी पाह्यलं का तू? काचेसारखं दिसते. माझ्या आजानं तेच पेलं, बापानं तेच पेलं. दोघंबी किडनीपायी सुजून गेले. आत पाहाले कोणी गेलंच नाई."

मी हसलो होतो, मिलिंदा. म्हटलं, खारपाणपट्ट्यातल्या खाऱ्या पाण्याचा आणि प्रोग्रामचा काय संबंध. तूही हसलास. पण तू हट्टी नव्हतास, तू घाबरलेला होतास, हे तू तेव्हाच सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही.

मग तू गावाकडं शाळेत लागलास आणि मी चिखलीत दुकान टाकलं. इंटरनेट माझ्याकडं, वेळ तुझ्याकडं. मी फाईल उतरवायची, सीडीवर घ्यायची, एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवायची. फोनच्या लाइनवर उतरवलेली फाईल कधी कधी खराब यायची, म्हणून प्रत्येक फाईलची एक लांबलचक खूण असायची, आकडे आणि अक्षरं मिळून. एक अक्षर चुकलं तरी ती फाईल ती नव्हे. एकानं कागदावरची खूण फोनवर वाचायची, दुसऱ्यानं पडद्यावर पाहून हो म्हणायचं. अक्षरं इंग्रजीतली पहिली सहाच, पण फोनवर बी की डी कळायचं नाही. म्हणून तू त्यांना गावं दिलीस. अकोला, बुलढाणा, चिखली, देऊळगाव, एदलाबाद, फर्दापूर.

"सात, चिखली, चिखली, नऊ, फर्दापूर."

"हो."

"शून्य, अकोला, देऊळगाव."

"हो."

पीसीओवाला एकदा तुला म्हणाला होता, गुरुजी, ही कोणची एसटी आहे, चिखलीहून दोनदा जाते. तू मला ते दहा वेळा सांगितलंस.

कधीपासून मी न पाहता हो म्हणायला लागलो, ते आठवत नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं असायचं, कानाला फोन, तू गावं म्हणत असायचास, आणि मी एका लयीत हो, हो. बऱ्याचदा फाईल बरोबरच असायची. त्यामुळं सवय लागली.

आता दवाखान्याचं.

डॉक्टरांनी तुमच्याकडं छोटा दवाखाना काढला, रक्त तपासायचं यंत्र घेतलं. त्या यंत्रातून येणारी मोजणी घेऊन रिपोर्ट छापणारा एक फुकट प्रोग्राम तू शोधून काढलास. मूळ मजकुरासकट. तू तो सगळा वाचलास. तुमच्याकडं तेव्हा लाइनीचा भरवसाच नव्हता, म्हणून दवाखान्याचा कॉम्प्युटर तू जीपमध्ये घालून, मांडीवर धरून माझ्या दुकानात आणून ठेवलास. जाताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलीस. यंत्रातला दिवा जुना होतो, रसायन उतरतं, आकडे हळूहळू खाली येतात, आजारी किडनीही बरी दिसते. म्हणून रोज सकाळी एक माहीत असलेलं द्रावण लावून यंत्र जोखायचं आणि त्या दिवसाचे सगळे रिपोर्ट त्या जोखण्यावरून काढायचे. हे जोखणं धरायचं की आत एकदाच ठरवून ठेवलेला आकडा वापरायचा, ते बांधतानाच सांगावं लागतं. "रोजचं जोखणं चालू ठेवून बांध," म्हणालास. "बाकी काही बी होऊ दे."

मी बसलो बांधायला. चूक आली. ती काढली तर दुसरी आली. दुसऱ्या दिवशी साळ्याच्या लग्नाला जायचं होतं. संध्याकाळी मी इंटरनेटवर तोच प्रोग्राम तयार बांधलेला शोधला. कुणी बांधला, कुठं, कशासाठी, काही पाहिलं नाही. टाकला. पडदा उघडला, छपाई निघाली. सुंदर निघाली.

तू फोन केलास. मूळ फाईलची खूण वाचलीस, आधी तेच करायचं ठरलेलं. तू अकोल्यापासून फर्दापूरपर्यंत सगळी गावं फिरलास, मी प्रत्येक गावाला हो म्हणालो. माझ्यासमोर ती फाईल उघडलेलीसुद्धा नव्हती. मी लग्नाची बॅग भरत होतो.

"रोजचं जोखणं चालू आहे ना बे?"

"हो."

एवढंच. त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस. मी सांगितलं असतं का? आता लिहिताना वाटतं, सांगितलं असतं. पण मी स्वतःला ओळखतो. मी मनात म्हणायचो, चालतं आहे ना. एवढी वर्षं चालतं आहे. मॉनिटर बदलला, प्रिंटर बदलला, प्रोग्राम तोच. वंदना तिथं रक्त तपासायला लागली ती नवी नवी असताना फोन करायची, सर, सकाळचं द्रावण लावलं की पडद्यावर ओके येतं, म्हणजे बरोबर ना? मी म्हणायचो, हो.

आणि मग तुझा पाय सुजायला लागला. दिवाळीत तू आलास तेव्हा चपलेचा पट्टा रुतला होता. म्हटलं, एकदा अकोल्याला जाऊन रक्त तपासून घे.

"काऊन?" तू म्हणालास. "आमच्या इथं नॉर्मल येऊन राह्यलं ना. आपण बांधलेलं हाय ते. दुसऱ्याच्या मशीनवर कायले भरवसा ठेवू?"

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. मिलिंदा, ते आपण बांधलेलं नाही. माझी बायको फराळाचं ताट घेऊन आली, तू चिवड्यात शेंगदाणे कमी म्हणून तिला चिडवलंस, आणि मी ते वाक्य चकलीबरोबर गिळलं. तू गेल्यावर मी दाराला कडी लावली. नंतरही फोन केला नाही. का, ते लिहायला बसलो तर मला सापडत नाही. तू चिडशील याची भीती नव्हती. तू चिडणार नाहीस, गप्प होशील, आणि यापुढे कधी मला खूण वाचायला सांगणार नाहीस, त्याची होती.

शेवटी तुला अकोल्याला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी म्हणे विचारलं, इतके दिवस कुठं होता.

जलदानविधीच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा संग्रामपूरकडं निघालो. घरी सांगितलं, दवाखान्याचं मशीन पाहायचं आहे. खामगावला गाडी बदलायची होती, तिथं चिखलीकडं परत जाणारी गाडी शेजारीच लागलेली होती. मी खरंच तिच्या पायरीवर पाय ठेवला. कंडक्टरनं विचारलं, कुठं? मी म्हटलं, कुठं नाही, आणि उतरलो. पुढच्या सगळ्या रस्त्यानं मी एकच गोष्ट मागत होतो, की तो तयार प्रोग्राम बरोबर निघावा. ज्या अनोळखी माणसानं तो बांधला, त्यानं तुझ्यासारखाच विचार केलेला असावा. ज्याचं नावही वाचलं नाही, त्याला मी हात जोडत होतो.

वंदनाला वाटलं, मी हळहळीनं आलो आहे. तिनं चहा मागवला. मी म्हटलं, एक काम कर. सकाळच्या जोखायच्या द्रावणात पाणी घाल, निम्म्याला निम्मं. मुद्दाम खोटं कर. मग आज सकाळी तपासलेलंच एखादं रक्त पुन्हा लाव.

"कायले सर?"

मी तिला समजावलं. प्रोग्राम रोजचं जोखणं धरत असेल, तर खोट्या द्रावणानं त्या रक्ताचा आकडाही खोटा येईल, सकाळपेक्षा भलताच. धरत नसेल, तर आकडा जिथल्या तिथं राहील.

"म्हंजे बिघडला तर चांगलं?" ती म्हणाली.

"हो."

तिनं खोटं द्रावण लावलं. पडद्यावर ओके आलं. रोजच्यासारखंच ओके. मग रक्त लावलं. यंत्र घरघरलं. मी पडद्याकडं पाहू शकलो नाही, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत राहिलो.

"तोच आकडा आला, सर," वंदना म्हणाली. "सकाळचाच. काईच फरक नाई."

तिला अजून कळलं नव्हतं. तिचा आवाज जवळजवळ खूश होता.

मग तिनं पडद्यावरच्या ओकेकडं पाहिलं आणि ती खाली बसली. म्हणाली, "मी रोज लावते, सर. एक दिवस चुकली नाई." मी तिला सांगितलं की तिचं काही चुकलं नाही. ज्यानं बांधलं त्याचंही नाही. त्याच्याकडचं यंत्र बहुतेक स्वतःलाच जोखून घेत असेल, म्हणून त्यानं प्रोग्राममधलं जोखणं बंद ठेवलं. त्यानं त्याच्या घरासाठी बांधलं होतं. ते आणून दुसऱ्याच्या घरात मी बसवलं.

डॉक्टरांना मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी दार लावून घेतलं, टेबलावरचे हात एकदा उलटे केले, एकदा सुलटे. त्यांनी मला काही म्हणायच्या आधी वंदनाला आत बोलावलं आणि सांगितलं की किडनीसाठी आलेल्या सगळ्या पेशंटांना परत बोलवायचं, आजपासूनच, आणि तोवर नमुने अकोल्याला जातील. मग मी विचारलं. मिलिंदचं काय? खरा आकडा आला असता तर वाचला असता का?

"कदाचित," ते म्हणाले. "लवकर कळलं असतं हे नक्की. पुढचं मी सांगू शकत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणूनही नाही आणि वाईट वाटावं म्हणूनही नाही."

ते 'कदाचित' आता माझ्याबरोबर राहील.

मूळ मजकुराची सीडी कॉम्प्युटरच्या मागच्या फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत होती, तूच ठेवलेली. तिच्यावर धूळ नव्हती, वंदना पुसत असे. वंदनाच्या मोबाइलवर त्या प्रोग्रामचं जुनं पान अजून उघडलं, खुणेसकट. मी तिला गावं शिकवली.

"एदलाबादचं तर नाव बदललं ना सर?"

"या कामात नाही बदललं."

ती वाचायला लागली. मी पडद्यावर एकेका अक्षरावर बोट ठेवत गेलो. मधेच एका ठिकाणी तोंडातून हो निघालं आणि बोट मागेच राहिलं होतं. इतक्या वर्षांची सवय. मी तिला थांबवलं, पहिल्यापासून घ्यायला लावलं. ती पुन्हा अकोल्यापासून निघाली. शेवटचं अक्षर फर्दापूर होतं. जुळलं. मग रोजचं जोखणं चालू आहे, हे तीनदा वाचून मी बांधणी सुरू केली. या खेपेला चुका आल्या त्या एकेक काढल्या. कुठंही लग्नाला जायचं नव्हतं.

ओळी सरकायला लागल्यावर मी तुझ्या घरी गेलो. वहिनी अंगणातल्या बाजेवर बसल्या होत्या. मला पाहून पाणी आणायला उठत होत्या, मी बसवलं आणि सांगितलं. सगळं, लग्नाच्या बॅगेसकट. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"ते तुमचं नाव घेत तवा मले राग यायचा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माझ्यावर बी इतका भरवसा नव्हता त्याईचा."

मग म्हणाल्या, आता जा. बाहेर पडलो तर त्यांनी माझ्यामागं दार लावलं नाही, पण उघडंही ठेवलं नाही. लोटून घेतलं.

दवाखान्यात परत आलो तेव्हा वंदना फोनवर होती. एका म्हाताऱ्या माणसाला जोरजोरानं सांगत होती की बाबा, काही झालं नाही, फक्त रक्त पुन्हा द्यायचं आहे, सकाळच्या गाडीनं या. त्याला पटत नव्हतं. मागचा रिपोर्ट चांगला आहे, तो म्हणत असावा. ती म्हणत होती, हो बाबा, म्हणूनच या.

बांधणी संपली होती. तुझ्या मशीनवर, तुझ्या मजकुरातून, तू सांगितलं होतंस तशी. आम्ही पुन्हा खोटं द्रावण लावलं, पुन्हा तेच रक्त. या खेपेला मी कॅलेंडरकडं पाहिलं नाही. आकडा बदलला. भलताच आला, सकाळपेक्षा कितीतरी वर. मग खरं द्रावण लावलं, आणि त्याच रक्ताचा जो आकडा आला, तो सकाळी छापून दिलेल्यापेक्षा जास्त होता. फार नाही. रोज रोज चुकायला पुरेसा. तो नमुना कुणाचा होता, मी विचारलं नाही. वंदनानं फोनच्या यादीत एका नावापुढं खूण केली.

"बरोबर झालं ना सर आता?" तिनं विचारलं.

हो तोंडापर्यंत आलं होतं, मिलिंदा. सवयीनं नव्हे, थकून. बाहेर शेवटची गाडी लागत होती. पण तुझं ते टपरीवरचं भेव आता माझ्या अंगात होतं, छातीत, बोटांच्या टोकांत.

"पुन्हा लाव," मी म्हटलं.